पहिली-दुसरीचा पेपर नेमके काय मोजतो?

चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या गावांतल्या प्राथमिक शाळांचा हजेरीपट वर्षभर एकसारखा राहत नाही. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या पट्ट्यात कंत्राटी कामाला आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. ठेकेदार बदलला की खोली बदलते, आणि खोली बदलली की मुलांची शाळाही. जूनमध्ये पहिलीत बसलेली काही मुले दिवाळीनंतर भोसरी नाहीतर तळवड्याच्या शाळेत असतात. त्यांच्या जागी नांदेड, लातूर, परभणीकडची किंवा थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली नवी मुले येऊन बसतात. पिंपरी-चिंचवड महापालिका मराठीसोबत उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. तरी लहान मूल शेवटी चालत जाता येईल अशाच शाळेत जाते. घरी भोजपुरी बोलणारी पोर मराठी शाळेत, मराठवाडी बोलणाऱ्या मुलाच्या शेजारी बसते, ती अशी.

या वर्गासमोर एकच छापील पेपर ठेवला, ‘बोलायचे नाही, शेजारी बघायचे नाही’ असे बजावले आणि तासाभराने पेपर गोळा केले, तर हाती काय लागते? गुण लागतात, हे खरे. पण ते गुण कशाचे असतात? सहा-सात वर्षांच्या मुलांना रीतसर परीक्षेला बसवावे की नाही, याचे उत्तर माझ्या मते या प्रश्नातच आहे. त्यासाठी आपल्याकडची पद्धत कशी चालते ते आधी नीट पाहायला हवे.

‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले की तोच कायदा आहे असे पालकांना वाटू लागले. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. आठवीपर्यंत मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवू नये आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा असू नये, असे त्याने सांगितले. त्याच कायद्याच्या २९व्या कलमाने मुलाचे मूल्यमापन सातत्याने आणि सर्वांगांनी करण्याची जबाबदारीही शाळेवर टाकली. बंद झाले होते ते नापास करणे. मूल काय शिकले हे तपासणे उलट वाढायला हवे होते.

महाराष्ट्राने त्यासाठी २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. शिक्षकांच्या बोलण्यात ते ‘सीसीई’ झाले. त्याचे दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकवता शिकवता करायची तपासणी, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी करायची. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के आणि संकलितचा ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे मूल जितके लहान तितके सत्रअखेरच्या परीक्षेचे वजन कमी. आकारिकसाठी आठ साधने दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी अनौपचारिक चाचणी, स्वाध्याय आणि इतर. लेखी चाचणी हे आठांपैकी एक साधन. पहिली-दुसरीला संकलितमध्येही सगळे लेखी नसते, तोंडी आणि प्रात्यक्षिकाचा भाग असतो. निकाल अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणींत द्यायचा आणि सोबत प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची.

ही रचना विचारपूर्वक केलेली होती, आजही मला ती बरोबर वाटते. घोटाळा झाला तो वापरात. आठ साधनांचे आठ रकाने झाले आणि ते सत्र संपता संपता एकदम भरले जाऊ लागले. ‘परिच्छेदाचे स्पष्ट वाचन करतो’, ‘गणिती क्रिया आवडीने करतो’ अशा वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्ये शिक्षकांमध्ये फिरू लागली. कोणत्या मुलापुढे कोणते वाक्य येते याला मग फारसा अर्थ उरला नाही. दुसरीकडे पालकांच्या तोंडी सहामाही आणि वार्षिक हेच शब्द राहिले. वाकड, रावेत, मोशीच्या इंग्रजी शाळांत तर ‘युनिट टेस्ट’चे वेळापत्रक बालवर्गापासून फ्रिजवर चिकटवलेले दिसते. शासन निर्णयात ३० टक्के असलेली गोष्ट घरात शंभर टक्के होऊन बसली.

आता एका पेपरातले एकच उदाहरण जवळून पाहू. दुसरीला वजाबाकी आहे: ४२ − १७. चार मुलांची उत्तरे चुकली.

पहिल्याने लिहिले ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, मग चारातून एक. त्याला वजाबाकी येते. लहान संख्या मोठीतून काढायची हा नियमही त्याने मनाशी पक्का केला आहे. त्याला कळलेले नाही ते एवढेच की चार दशकांपैकी एक दशक सोडून त्याचे दहा सुटे करता येतात. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्या आणि ‘यातल्या सतरा मला दे’ म्हणावे. सात सुट्या देता येत नाहीत म्हणून तो थांबेल, आपणहून एका गठ्ठ्याचे रबर काढेल, आणि ते रबर काढणे म्हणजेच हातचा.

दुसऱ्याने लिहिले ५९. त्याने बेरीज केली, आणि बेरीज अचूक आहे. चिन्हाकडे पाहिले नाही किंवा चिन्हांचा गोंधळ आहे. तिसऱ्याने लिहिले २६. तो बोटांवर मागे मोजत गेला आणि मोजायला सुरुवात ४१ ऐवजी ४२ पासूनच केली. त्याची वजाबाकीची समज पक्की आहे, मोजण्याची सवय सुधारायला हवी. चौथ्याने जागा कोरी सोडली. त्याला ‘खालील उदाहरणे सोडवा’ ही ओळ वाचता आली नाही, आणि विचारायची मुभा नव्हती.

चौघांना शून्य गुण. प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी लागणारा धडा मात्र वेगळा. आणि पाचव्याचे २५ बरोबर आहे, ते त्याचे स्वतःचे की बाकावरच्या सोबत्याचे, हेही पेपर सांगत नाही. मूल तोंडाने बोलत, हाताने काड्या हलवत असताना शिक्षक शेजारी बसला तर हे सगळे दोन मिनिटांत समोर येते.

संख्यांच्या बाबतीत मराठी मुलाची एक अडचण तर पेपरात जवळपास अदृश्य असते. ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहिते, कारण कानावर तीन आधी पडतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असे वाचण्याची सोय दिली, तेव्हा राज्यभर वाद पेटला. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या आणि लहान मुलांना संख्येची बांधणी समजावी म्हणून हे केले, असे त्या शांतपणे समजावत राहिल्या. वादात कोणतीही बाजू घ्या, पण ३५ लिहिणाऱ्या मुलाला ‘संख्या येत नाहीत’ असा शेरा देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला त्रेपन्न गोट्या मोजून दाखवता येतील.

वयाचा मुद्दा याहून साधा आणि याहून दुर्लक्षित आहे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीत जाते. त्यामुळे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचे आणि साडेसहा वर्षांचे मूल बसलेले असते. चाळिशीतल्या दोघांत एक वर्ष म्हणजे काहीच नाही. पण साडेपाच वर्षांच्या मुलासाठी ते आख्ख्या आयुष्याच्या सहाव्या भागाहून जास्त आहे. पेन्सिल धरणारी बोटे, एका जागी बसण्याची ताकद, तीन सूचना एकापाठोपाठ लक्षात ठेवणे, सगळ्यांत हा फरक दिसतो. पेपर या दोघांना एकाच फुटपट्टीने मोजतो आणि धाकट्याला ‘कच्चा’ ठरवतो. वर्षभराने निसर्गतःच भरून निघणारी ही दरी तोपर्यंत मुलाने स्वतःबद्दलचे मत म्हणून मनावर घेतलेली असते. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

त्यात भाषेची भर. ‘जोड्या लावा’, ‘गाळलेल्या जागा भरा’, ‘वेगळा घटक ओळखा’ ही पेपरची स्वतःची मराठी आहे, ती कोणाच्याच घरात बोलली जात नाही. ऑक्टोबरमध्ये गावाहून आलेल्या मुलाला विषय येत असूनही ही मराठी येत नाही. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो, आणि मागचे भरून काढायला खास प्रशिक्षणही. हे योग्यच आहे. पण अशा मुलासमोर चौथीचा पेपर ठेवून त्याला काय येते ते कसे कळणार? तो अक्षरांवर आहे की शब्दांवर, एवढे कळले तरी शिक्षकाला सुरुवात करता येते.

हे कळण्याची पद्धत आपल्याच देशात तयार आहे आणि ती गुंतागुंतीची नाही. ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन एकेका मुलाची तपासणी करते. हातात एक कागद. त्यावर एक छोटी गोष्ट, एक सोपा परिच्छेद, काही शब्द, काही अक्षरे. मूल जिथपर्यंत सहज वाचते ती त्याची पातळी. गणितातही तसेच: अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. ना गुण, ना क्रमांक. मुलाला आपली परीक्षा चालली आहे हे जाणवतही नाही, आणि मोठ्यांना हवे ते कळते.

वर्गशिक्षकाला हे जमेल का, असे विचारतात, म्हणून हिशेब करून पाहू. कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. एका मुलामागे सहा मिनिटे धरली तर तीस मुलांना तीन तास. रोज पाच मुले घेतली तर रोजचा अर्धा तास आणि सहा दिवसांत वर्ग पूर्ण. दर दीड-दोन महिन्यांनी असा एक आठवडा. तो अर्धा तास बाकीच्या पंचवीस मुलांना चित्र, गटवाचन, मातीकाम असे काही देता येते. वर्गात पन्नास मुले असतील तर मात्र हा हिशेब कोसळतो. शिक्षक मतदारयादीच्या कामावर असेल, माहिती भरण्याच्या कामात अडकला असेल, तरी कोसळतो. परीक्षा घ्यावी की नाही यावर आपण तावातावाने बोलतो, त्यातला थोडा जोर शिक्षकसंख्येसाठी लावला तर पेपरची गरज निम्म्याने कमी होईल.

या पट्ट्यात अशा नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल गावाहून निघताना त्याची शिकण्याची स्थिती लिहिलेले कार्ड त्याच्यासोबत द्यायचे, म्हणजे नवी शाळा तिथून पुढे शिकवू शकते. त्या कार्डावर ‘ब-२’ लिहून आले तर नव्या बाईंना काहीच कळत नाही. ‘शब्द वाचतो, जोडाक्षरांवर अडतो, हातचा येत नाही’ असे लिहून आले तर दुसऱ्याच दिवशी काम सुरू होते.

बाहेरचे देशही याच दिशेने गेले आहेत, आणि तेही परीक्षांसाठी नावाजलेले देश. सिंगापूरने २०१९ पासून पहिली-दुसरीच्या परीक्षा काढून टाकल्या. इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचण्या नव्वदीच्या दशकापासून सक्तीच्या होत्या, २०२३-२४ पासून त्या शाळेच्या इच्छेवर सोडल्या. त्याआधीच्या वर्गाला २०१२ पासून असलेली उच्चारवाचनाची तपासणी तिथे चालू आहे, पण तीही मूल आणि शिक्षक समोरासमोर बसून होते, चाळीस शब्द वाचून घेत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंत, रीतसर चाचण्या आणि परीक्षा अजिबात योग्य नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी शिक्षक, पालक, सोबती आणि मूल स्वतः अशा सगळ्यांच्या नोंदी असलेले समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे. चांगली कल्पना आहे. तिचेही रकाने होऊ नयेत, याची काळजी आतापासून घ्यावी लागेल.

विरुद्ध बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, आणि ते सांगणारे बहुधा कष्टकरी पालकच असतात. ‘परीक्षा नाही म्हणून पोरगं पाचवीत गेलं, पण त्याला धड वाचता येत नाही, आणि हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ आई-वडील दोघेही शिफ्टमध्ये, वह्या पाहायला वेळ नाही, वाचता येत नाही. अशा घराला गुणांचा आकडा तरी कळतो. त्यांची तक्रार खरी आहे. पण चार वर्षे त्यांना कोणी काही सांगितले नाही, हे दुखणे पहिलीला पेपर ठेवून जाणार नाही. पेपर ठेवला असता तर त्यांना ४० टक्के कळले असते, वाचता येत नाही हे तरीही कळले नसते.

तिसरीपासून मी वेगळे म्हणेन. आठ-नऊ वर्षांचे मूल सूचना वाचू शकते, पाऊण तास बसू शकते, आपले उत्तर आपण लिहू शकते. राज्यात २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीला नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली: आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि दोन, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. वर्ष सुरू होताना कुठे होतो आणि संपताना कुठे आहोत, हे पाहायला ती उपयोगी आहे. अट एकच: शिक्षकाने पेपर तपासून गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरले की काम संपले, असे होता कामा नये. कोणता प्रश्न वर्गातल्या बहुतेकांचा चुकला ते पाहून पुढच्या आठवड्यात तो भाग पुन्हा शिकवला गेला, तरच त्या चाचणीने मुलाचे काही भले केले.

पाचवीचे स्वरूप आता निराळे आहे. २०१९च्या दुरुस्तीने केंद्राने राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२३च्या शासन निर्णयाने ती लागू केली. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुणांचा पेपर, उत्तीर्ण व्हायला १८, अनुत्तीर्ण झाल्यास दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी, आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात. त्या दोन महिन्यांत मुलाला जादा शिकवणे शाळेवर बंधनकारक आहे. पण ते दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे तेव्हा गावी गेलेली असतात. ज्या मुलाला त्या शिकवणीची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच इथे नसते. नियम करताना हे पाहायला हवे होते.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल थोडक्यात. चौथी-सातवीची ही जुनी परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली होती, आणि आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. दीड-दीड तासाचे दोन पेपर, एकूण दीडशे प्रश्न, तीनशे गुण. ती ऐच्छिक आहे, ग्रामीण भागातल्या कितीतरी हुशार मुलांना तिने वाट दिली आहे, आणि तिच्यासाठी पहाटे जादा तास घेणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. तिच्या नावाने पहिली-दुसरीपासून मुलांना खासगी स्पर्धा परीक्षांना बसवणे, पर्यायांचे गोल काळे करायला शिकवणे, हे मात्र थांबावे. सहा वर्षांच्या मुलाचा तो वेळ गोष्टी ऐकण्याचा आहे.

खेड तालुक्यात, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यापासून फार लांब नाही, जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. २०२५ मध्ये या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजींच्या या शाळेत ‘विषयमित्र’ ही पद्धत आहे. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसतात आणि ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. शिकवताना आपल्याला काय कळले नाही ते शिकवणाऱ्यालाच आधी कळते, आणि शिक्षकाला दोघांचेही दिसते. तपासणी तिथे रोजच चाललेली असते. प्रत्येक शाळेला हे जसेच्या तसे जमणार नाही, पण तिसरीच्या मुलीने पहिलीतल्या मुलाचे वाचन ऐकणे कोणत्याही शाळेत उद्यापासून जमण्यासारखे आहे.

पालकांना माझे सांगणे आहे की पुढच्या पालकसभेत ‘किती मार्क पडले’ हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा: माझे मूल न अडखळता काय वाचते, संख्यांमध्ये कुठे अडते, आणि तुम्ही त्यासाठी या महिन्यात काय करणार आहात. शिक्षकाला ही उत्तरे तोंडपाठ असतील तर मूल चांगल्या हातात आहे, श्रेणी कोणतीही असो. आणि शाळांनीही पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवू नये. त्या वेळी पहिल्या पाळीची आई कंपनीत असते आणि रात्रपाळीचा बाप नुकताच झोपलेला असतो. रविवारी सकाळी ठेवा, किंवा संध्याकाळी सातला. आणि मुलालाही सोबत बोलवा, म्हणजे ते गोष्ट वाचून दाखवेल आणि आई-बापांना स्वतःच ऐकता येईल.